दोन आज्या आणि एक चोखणी

३ मार्च

विहीणबाई, नमस्कार.

पत्र बघून दचकू नका, इकडे सगळं ठीक आहे. फोनच केला असता, पण फोनवर मला 'हो' आणि 'नको' सारखंच ऐकू येतं. अर्धं आयुष्य तरणतलावाच्या काठावर शिट्टी फुंकण्यात गेलं, त्यात कानही गेले. मोबाइलवर लिहावं म्हटलं तर बोट एका अक्षरावर ठेवते आणि उमटतं भलतंच. गेल्या आठवड्यात जावयांना 'काळजी घ्या' लिहायला गेले, ते 'काजळ घ्या' झालं. ते बिचारे क्रेनच्या केबिनमध्ये बसून त्यावर विचार करत राहिले म्हणे. तेव्हा पत्रच बरं.

मुद्द्याचं लिहिते. माझा नवा गुडघा अजून माझं ऐकत नाही. डॉक्टरांनी प्रवास बंद केलाय. तिकडे लेकीला तिच्या डॉक्टरांनी बाळ होईपर्यंत पलंगावरून उठायचं नाही म्हणून बजावलंय. आई इथे आडवी, लेक तिथे आडवी. अशा वेळी नातीला, आपल्या गुंडीला, तुम्ही तुमच्याकडे ठेवून घेतलंत. आभार मानले तर तुम्हाला राग येईल, म्हणून मानत नाही.

पण एक काम सांगते. तिची ती चोखणी सोडवा. पोरगी आता तिसरं पुरं करेल. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय की पुढचे दात बाहेर यायला लागलेत, आणि बोलणंही अडलंय. तोंडात ते बूच असताना ती काय बोलते ते तिच्या आईशिवाय कुणाला कळत नाही. मेअखेरीस दुसरं बाळ येणार. लेकीने मला लिहिलंय, "आई, त्याआधी एवढं झालं असतं तर मला जरा झोप लागली असती." तिला दुसरं काही मी इथून देऊ शकत नाही, विहीणबाई. डबा नाही, पाय चेपणं नाही. एवढं तरी व्हावं.

मी तिथे असते तर एका दिवसात निकाल लावला असता. पाण्याला घाबरणारी मुलं कठडा धरून बसतात. त्यांचं एकेक बोट हळूच सोडवायचं, की झालं. तुम्ही असं करा, चोखणीचं टोक कापून टाका. मग चोखण्यात मजा राहत नाही आणि मुलं आपणहून टाकून देतात. कात्र्यांना तर तुमच्याकडे तोटा नाही.

उत्तर लगेच पाठवा. पडून पडून जीव आंबलाय.

आपली,
पाण्याची आजी

(गुंडीने ठेवलेलं हे नाव मला आवडतं. तुम्हाला ती 'पडद्याची आजी' म्हणते, ते तुम्हाला आवडतं का, कधी विचारलंच नाही.)


९ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

तुमचं पत्र आलं तेव्हा गुंडी कापायच्या टेबलाखाली होती. ते तिचं घर. वरून पडद्यांचं कापड लोंबत असतं, त्याच्या आड ती रिकाम्या रिळांचा संसार मांडते. तोंडात चोखणी, हातात मापाची टेप. गिऱ्हाईक आलं की त्याचे पाय मोजते आणि काहीतरी आकडा सांगते. परवा एक बाई म्हणाल्या, "काय म्हणतेय ही?" मी म्हटलं, "तुम्हाला मापात बसवतेय."

कापली हो मी चोखणी. दुपारी ती झोपलेली असताना हळूच काढून घेतली, टोक कापलं आणि पुन्हा उशाशी ठेवली. आपल्याच घरात चोर झाल्यासारखं वाटलं. उठल्यावर तिने तोंडात घातली, काढली, उलटीसुलटी करून बघितली. आता भिरकावते, असं मला वाटलं. तर ती सरळ मशीनपाशी आली, चोखणी माझ्या मांडीवर ठेवली आणि म्हणाली, "आजी, शिव."

आता काय करायचं? ह्या पोरीने समज आल्यापासून काय पाहिलंय, तर फाटलेलं माणसं माझ्याकडे आणतात आणि मी नीट करून देते. तिचा झगा झाला, बापाचा खिसा झाला, अस्वलाचा कान तर दोनदा झाला. 'हे काही शिवता येत नाही' असं मी तिला आजवर म्हटलेलं नाही. म्हणायला तोंड उघडलं, तोवर हात सुईकडे गेला होता.

शिवली. नायलॉनच्या बारीक दोऱ्याने, टाका दिसणार नाही अशी. एवढं नाजूक काम मी लग्नानंतर पहिल्यांदाच केलं असेल. गुंडीने ती तोंडात घातली, जरा चव घेतली, "छान" म्हणाली आणि टेबलाखाली निघून गेली.

हसा नाहीतर रागवा.

तुमच्या लेकीला आम्ही रोज संध्याकाळी भेटून येतो. ती डाव्या कुशीवर झोपलेली असते. गुंडी पलंगावर चढते आणि तिच्या पाठीला पाठ लावून बसते. फार बोलत नाहीत दोघी. बरी आहे. गुडघ्याला जपा.

पडद्याची आजी
(आवडतं.)


१५ मार्च

विहीणबाई,

तुमचं पत्र वाचून मी इतकी हसले की माझा व्यायाम घ्यायला येणारी मुलगी घाबरली. तिला वाटलं मला दुखतंय. मग मी तिला ते वाचून दाखवलं आणि तीही माझा पाय हातात तसाच धरून हसत बसली.

हसून झाल्यावर मात्र घाम फुटला. अहो, तो दोरा सुटून घशात गेला असता म्हणजे? ती चोखणी आजच्या आज फेकून द्या. नवी घ्यावी लागली तर घ्या, पण शिवलेली नको. तुमचे हात गुणी आहेत हे कबूल, पण प्रत्येक भोकाला टाका घालायचा नसतो.

कापण्याचा उपाय माझाच होता, तेव्हा चूक अर्धी माझी. आता दुसरा सांगते. चोखणी काढून घेऊ नका. फक्त ती तोंडात ठेवून बोलली तर "मला ऐकू आलं नाही" म्हणायचं. रागावायचं नाही, तोंड पाडायचं नाही, नुसतं ऐकू आलं नाही. माझ्याबाबतीत ते खरंच असतं, म्हणून तर सुटीत आली की माझ्याशी ती चोखणी काढून बोलते. तुमचे कान तिखट, हीच तिची अडचण आहे.

ती व्यायामाची मुलगी म्हणजे माझ्यावरची शिक्षा आहे. जन्मभर मी लोकांच्या मुलांवर "पाय मार, पाय मार" म्हणून ओरडले. आता ही माझ्यावर ओरडते. गुडघा काटकोनाच्या जरा अलीकडे अडतो. अडला की मी लेकीचा विचार करते आणि अजून थोडा वाकवते.

पाण्याची आजी


२४ मार्च

विहीणबाईंना नमस्कार.

शिवलेली फेकली. तिच्यासमोर नाही, धीर झाला नाही. आणि नवी आणली तुमच्या जावयाने. बंदरावर डोंगराएवढ्या पेट्या उचलणारा माझा मुलगा, पण लेकीच्या डोळ्यांतला एक थेंब त्याला उचलवत नाही.

तुमचा उपाय मात्र लागू पडला. पहिल्या दिवशी मी चार वेळा "ऐकू आलं नाही" म्हटलं. पाचव्या वेळी तिने माझ्याकडे संशयाने बघितलं, खुर्चीवर चढली आणि माझ्या कानात डोकावून पाहिलं. आत काही अडकलंय का म्हणून. मग चोखणी काढून, मला समजावं अशा बेताने, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "आजी. तू. पाण्याची. झालीस."

आता तिची पद्धत ठरून गेलीय. बोलायचं झालं की चोखणी काढते, बोलते, पुन्हा लावते. एखादा म्हातारा वकील तोंडातला पाइप काढून मत देतो ना, अगदी तसं. काल एका गिऱ्हाइकाला निळं आणि करडं यांतलं ठरत नव्हतं. हिने चोखणी काढली, "निळं" म्हणाली आणि चोखणी लावली. त्यांनी निळं घेतलं.

बोलायला लागल्यावर कळलं, पोरीच्या पोटात केवढं साठलं होतं. परवा आईकडून परत येताना रस्त्यात थांबली, चोखणी काढली आणि विचारलं, "बाळ आलं की मी कुठे राहू?" मी म्हटलं, तिथेच, तुझ्या घरी, आईपाशी. तिने जरा विचार केला आणि म्हणाली, "पलंग छोटा आहे." मी म्हटलं, मोठा करू. त्यावर तिने मान डोलावली. मी मोठा करीन यावर तिचा विश्वास आहे. लाकूड मला शिवता येत नाही, हे तिला माहीत नाही.

झोपताना मात्र चोची हवीच, चोखणीला ती चोची म्हणते. चोचीला हात लावला तर घर डोक्यावर घेते.

डॉक्टरांनी तुमच्या लेकीला मधेच एकदा तपासायला बोलावलं होतं. नेऊन आणलं. आराम करा म्हणाले.

पडद्याची आजी


३० मार्च

विहीणबाई,

बोलू लागली, हे वाचून मी कुबडी टाकून दोन पावलं चालले. नंतर पुन्हा कुबडी शोधावी लागली, ते सोडा.

पण शेवटच्या दोन ओळी मला आवडल्या नाहीत. मधेच का बोलावलं? तारीख तर पुढची होती. आणि आराम तर ती करतेच आहे, मग "आराम करा" कशाला म्हणाले? लेकीला विचारलं तर ती नुसता हसरा चेहरा पाठवते. पिवळा, गोल. त्यावरून आईला काय कळायचं? तुम्ही नीट लिहा. मी घाबरट नाही. बुडणारी मुलं मी बाहेर काढलीत.

झोपतानाच्या चोखणीचं म्हणाल तर तिथे कडक व्हा. तीन दिवस रडेल, चौथ्या दिवशी विसरेल. माझ्या पोहणाऱ्या मुलांचं असंच होतं.

वाट बघते.

पाण्याची आजी


११ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

उत्तराला उशीर झाला. दुकान थोडे दिवस बंद ठेवलं होतं, जरा कामं होती.

गुंडी मजेत आहे. पण चोखणीच्या बाबतीत आपण थोडं मागे आलो आहोत. मधे ती फार चिडचिडी झाली, तेव्हा बापाने आणखी दोन आणून दिल्या. एक तोंडात आणि एक मुठीत घेऊन फिरते. मीही काही म्हटलं नाही. सध्या नको कडक व्हायला, असं वाटलं.

तुमच्या लेकीची काळजी करू नका. ती तुमची आठवण काढते. गुडघ्याचा व्यायाम चुकवू नका.

पडद्याची आजी


१६ एप्रिल

विहीणबाई,

स्पष्ट लिहिते, राग मानू नका. मानलात तरी लिहिते.

इतके दिवस वाट बघायला लावून तुम्ही अर्ध्या पानाचं पत्र पाठवलंत, तेही पेन्सिलीने, कुठल्याशा पावतीच्या पाठकोऱ्या बाजूवर. एका चोखणीच्या तीन झाल्या. म्हणजे तुम्ही हात टेकलेत. तुमचा जीव मऊ आहे, मला पहिल्यापासून माहीत आहे. पण मऊपणाने पोरांचे दात सरळ होत नाहीत. ज्या एका गोष्टीसाठी माझ्या लेकीने पदर पसरला, तीही आपल्याच्याने होऊ नये?

आणि मी काय विचारलं होतं, ते तर तुम्ही वाचलंच नाहीत, असं दिसतं. डॉक्टरांनी मधेच का बोलावलं? पडदे शिवून शिवून तुम्हाला झाकायचीच सवय लागलीय.

मला इथे भिंतीशिवाय बघायला काही नाही. खरं काय ते लिहा.

गुंडीची आजी


२३ एप्रिल

विहीणबाईंना नमस्कार.

हे पत्र बसून वाचा. सगळं चांगलं आहे, हे पहिल्याच ओळीत सांगते, म्हणजे पुढचं शांतपणे वाचता येईल.

तुम्ही आजी झालात, दुसऱ्यांदा. मुलगा आहे. तुमची लेक सुखरूप आहे, तिने आज स्वतः केस विंचरले आणि माझ्याशी पडद्यांच्या रंगावरून वाद घातला. बाळ मात्र फार लवकर आलं, एप्रिलच्या पहिल्याच आठवड्यात. माझी कापायची कात्री आणि इस्त्री मिळून जेवढं वजन होईल, तेवढंच असेल. त्याला काचेच्या पेटीत ठेवलं. सुरुवातीचे दिवस डॉक्टर आमच्याकडे बघून बोलत नव्हते, कागदाकडे बघून बोलत होते. दवाखान्याच्या बाकावर बसून मी तुम्हाला ते पेन्सिलीचं पत्र लिहिलं. पेन दुकानात राहिलं होतं.

तुम्हाला कळवायचं नाही, ही तुमच्या लेकीची शपथ. ती म्हणाली, "आईला कळलं तर ती तशीच गुडघा ओढत निघेल आणि त्याचं वाटोळं करून घेईल. बाळ पेटीतून बाहेर आलं की मी सांगेन." मी ऐकलं. ती तुमची लेक आहे आणि त्या दिवसांत तिचा शब्द मोडायची माझी छाती नव्हती. तुम्ही रागवा. मी तुमच्या जागी असते तर मीही अशीच चिडले असते. काल बाळ पेटीतून बाहेर आलं आणि आज लेक म्हणाली, आता लिहा.

आता चोखणीचं ऐका. तेही ह्यातच आहे.

बाळाला नळीने दूध देत होते, कारण त्याला चोखता येत नव्हतं. इतक्या लवकर आलेल्या मुलांना ते येत नाही म्हणे. नर्सने मला सांगितलं की त्याला आता शिकवायचं आहे. तिने त्याच्या ओठांत एक चोखणी ठेवली, माझ्या अंगठ्याच्या नखाएवढी. त्याने ती जिभेने ढकलून दिली. तिने पुन्हा ठेवली, त्याने पुन्हा ढकलली.

त्या दिवशी गुंडीला पहिल्यांदाच दवाखान्यात आत येऊ दिलं होतं, बाळाच्या खोलीच्या काचेबाहेर. एक चोखणी तोंडात होती, एक मुठीत. बापाने तिला उचलून धरलं होतं. ती बराच वेळ बघत राहिली. मग चोखणी काढून म्हणाली, "त्याला येत नाही?"

नर्स बाहेर आली होती. तिने सांगितलं, "नाही ना. तो लहान आहे, त्याला माहीतच नाही कसं करायचं."

विहीणबाई, तिचा चेहरा तुम्ही बघायला हवा होता. जगात कुणाला चोखणी चोखता येत नाही, ही गोष्टच तिला नवी होती. आजवर घरादाराने तिला हेच ऐकवलं की तू हे करतेस ते वाईट. आणि इथे एक मोठी बाई, पांढऱ्या कपड्यातली, सांगतेय की हे शिकावं लागतं. गुंडीने काचेला नाक लावलं, चोखणी तोंडात घातली आणि मोठ्याने चोखून दाखवलं. "असं. बघ. असं." बाळाचे डोळे मिटलेले होते. तिचं चालूच. गाल आत ओढायची, सोडायची, पुन्हा ओढायची. काचेवर एवढी वाफ धरली की आम्हाला बाळ दिसेना. नर्स हसली आणि तिने ती बाहीने पुसून दिली.

त्यानंतर आम्ही रोज जात होतो. ती रोज दाखवायची. आणि एके दिवशी बाळाने ती नखाएवढी चोखणी ढकलली नाही. जरा धरली. ओठ हलले. नर्सने बोट वर करून आम्हाला खुणावलं. माझा मुलगा भिंतीकडे तोंड करून उभा राहिला.

गुंडीने आपल्या तोंडातली काढली, मुठीतलीही पुढे केली आणि दोन्ही नर्सच्या हातात दिल्या. "त्याला घे. त्याला लागतात." नर्स म्हणाली, "ह्या मोठ्या आहेत गं, त्याच्या तोंडात मावणार नाहीत." गुंडी म्हणाली, "मोठा झाला की." नर्सने काही चेष्टा केली नाही. एका पाकिटात घालून, वर चिकटपट्टी लावून, बाळाच्या कप्प्यात ठेवल्या.

इथे गोष्ट संपली असं तुम्हाला वाटेल. नाही संपली. संध्याकाळी घरी आल्यावर तिला उमगलं की तोंडात काही नाही. मग जी रडायला लागली, ती थांबेचना. अंगावर घेतलं, गाणी म्हटली, टेबलाखालच्या तिच्या घरात मी स्वतः शिरून बसले, कंबर धरली. तिसरी चोखणी माझ्या सुयांच्या खणात होती. मी खण उघडलासुद्धा. तुम्ही म्हणता ना, माझा जीव मऊ. अगदी खरं.

आणि मग माझ्या लक्षात आलं, ती रडतेय, पण मागत नाहीये. मी विचारलं, "चोची हवी?" तर रडत रडतच म्हणाली, "नको. ती बाळाची." आणि आणखी जोरात रडली. विहीणबाई, एवढीशी पोर. हवं असतं आणि तरी नको म्हणायचं असतं, ते किती जड असतं, हे तुम्हाला मला साठीत कळलंय. मी खण बंद केला. तिला मांडीवर घेतलं आणि तिच्याबरोबर मीही रडून घेतलं. मलाही तेवढंच निमित्त हवं होतं.

पुढचे दिवसही सोपे गेले नाहीत. पण रडणं आखूड होत गेलं. आता झोपताना मखमलीचा एक तुकडा गालाला लावून झोपते. तो सोडवायचे उपाय कृपा करून इतक्यात पाठवू नका.

पडद्याची आजी


२७ एप्रिल

विहीणबाई,

तुमचं पत्र पहिल्यांदा वाचलं तेव्हा राग आला. माझ्या लेकीचं बाळ काचेत, आणि मी इथे चोखणीवरून तुम्हाला बोल लावत होते. तो राग तुमच्यावर काढायला लेखणी घेतली. मग पुन्हा वाचलं. मग लेखणी ठेवून दिली. व्यायामाची मुलगी आली, तिने विचारलं काय झालं. पत्रच तिच्या हातात दिलं.

माझी लेक तिथे एकटी नव्हती. तिच्या उशाशी तुम्ही होतात. मी असते तर ओरडून सगळा दवाखाना कामाला लावला असता आणि तिला आणखी ताण दिला असता. हे लिहायला मला त्रास होतोय, पण खरं आहे. झाकायच्या सवयीबद्दल जे लिहिलं, ते मी परत घेते. ते पान फाडून टाका.

आणि एक. मी बढाई मारली होती की मुलांची बोटं कठड्यावरून मी सोडवते. पडल्या पडल्या आठवत बसले, तर तसं फारसं कधी झालेलं नाही. सोडवली की ती पुन्हा धरायची. खरी सुटायची ती त्यांच्यापेक्षा लहान पोर पाण्यात आलं की. त्याला दाखवायला म्हणून मोठं पोर हात सोडायचं. श्रेय मी घ्यायची, कारण शिट्टी माझ्या गळ्यात होती.

मी येते आहे. डॉक्टरांना विचारलं नाही, सांगितलं. भाचा गाडीने सोडतोय. मागच्या सीटवर पाय लांब करून झोपून येईन, म्हणजे कुणाला बोलायला जागा नाही. गाडीतून उतरवून घ्यायला जावयांना सांगा. क्रेन आणली तरी चालेल.

सोबतची चिठ्ठी गुंडीला वाचून दाखवा:

'गुंडीबाई, तुम्ही बाळाला शिकवलंत असं कळलं. मी पुष्कळ वर्षं मास्तरीण होते, त्यामुळे मला माहीत आहे, शिकवणं सोपं नसतं. मी भेटायला येते आहे. तुमची, पाण्याची आजी.'


५ जून

अगं विहिणी,

बघ, जमलं. तू गाडीत बसताना दम दिला होतास की पुढचं पत्र 'अहो' घालून आलं तर न वाचता परत पाठवीन. म्हणून सकाळपासून सवय करतेय. मधेच 'तुम्ही' आलं तर तेवढं चालवून घ्या. घे.

तुझी लेक बाळाला घेऊन अजून माझ्याकडेच आहे, पण तू गेल्यापासून घर फार शांत झालंय. तू आणि तुझी लेक दिवसातून दोनदा भांडायचात, त्याची सगळ्यांना सवय झाली होती. बाळसुद्धा त्या आवाजात बरं झोपायचं. आता टाचणी पडली तरी उठतं. गाल भरलेत त्याचे. दूध असं ओढतो की तुझी लेक म्हणते, ह्याला शिकवणाऱ्या बाईंनी जरा जास्तच शिकवलं.

काल त्याला तपासायला नेलं होतं. मी गेले, तुझी लेक गेली आणि गुंडी तर होतीच. वजन बघून डॉक्टर आमच्याकडे बघून बोलले, म्हणजे समज. निघताना ती नर्स धावत आली. तिच्या हातात ते पाकीट, चिकटपट्टी तशीच. म्हणाली, "ह्याची ठेव राहिली होती." आणि मी काही म्हणायच्या आत तिने ते गुंडीच्या हातात दिलं.

तुझ्या लेकीने माझ्याकडे बघितलं. काढून घ्यावं तर भर दवाखान्यात रडारड, आणि राहू द्यावं तर इतक्या दिवसांचं पाण्यात. बसमध्ये गुंडी पाकीट मांडीवर घेऊन बसली होती, दोन्ही हातांनी धरून.

घरी आल्यावर तिने ते फोडलं. दोन्ही चोखण्या बाळाच्या पाळण्यापाशी घेऊन गेली. एक त्याच्या ओठांना लावली. त्याने तोंड फिरवलं. पुन्हा लावली, तर तो ओरडला. आता त्याला खरं दूध कळतं, असल्या फसवणुकीला तो कशाला भुलतोय? गुंडीने माझ्याकडे बघितलं, मग हातातल्या चोखणीकडे बघितलं, आणि तीच उचलून स्वतःच्या तोंडात घातली.

तुझी लेक दारात होती. मी मशीनवर होते, पाय तसाच थांबला.

गुंडीने एकदा चोखलं. थांबली. पुन्हा एकदा चोखलं. कपाळाला आठी घालून, ओळखीच्या घरात शिरावं आणि माणसं निराळीच निघावीत, तशी ती उभी होती. मग काढून हातात धरली आणि नीट बघितली.

मी घाबरत घाबरत विचारलं, "काय गं? चोची ना?"

"नाही," ती म्हणाली. "रबर."

चोखणी माझ्या मशीनवर ठेवून ती टेबलाखाली रिळं लावायला गेली. आम्ही दोघी एकमेकींकडे बघत राहिलो. हसावं की काय, कळेना. तुझ्या लेकीचे डोळे भरले होते, आणि खरं सांगायचं तर मलाही जरा चुटपुट लागली. आपण हिच्यामागे एवढ्या लागलो आणि ती आपल्याला न सांगताच मोठी होऊन गेली.

पुरे करते. बाळ उठलंय, आणि टेबलाखालून मला हाका चालल्यात. भांडीकुंडी मांडून झालीत, जेवायला ये म्हणते. एकेक अक्षर सुटं, स्वच्छ.

तुझी,
पडद्याची